बंदुकीच्या स्क्रूची खाच वारंवार बिघडत असेल, तर पेचकसाचे टोक तपासावे

बाराबोर असो, नेमबाजीच्या सरावाची एअर रायफल असो किंवा आजोबांच्या काळापासून घरात असलेली विलायती दुनळी असो, स्क्रूंविषयीची तक्रार बहुधा सारखीच असते. दस्त्याचा किंवा ट्रिगर गार्डचा स्क्रू दोन-तीनदा काढून बसवला की त्याच्या खाचेच्या कडा उचलल्या जातात, पेचकस घसरू लागतो, शेजारच्या ब्लूइंगवर, म्हणजे पोलादावरच्या निळसर-काळ्या संरक्षक थरावर, ओरखडा उमटतो, आणि स्क्रू बदलला तरी काही काळाने नव्या स्क्रूचीही तीच गत होते. मग दोष स्क्रूच्या धातूला दिला जातो आणि अधिक महाग, अधिक कडक पोलादाचा पेचकस आणला जातो. त्याने फरक पडत नाही, कारण बिघाडाचे मूळ पोलादात नसून पेचकसाच्या टोकाच्या आकारात असते. खाच मोजून तिच्या मापाचे टोक निवडले, तर मध्यम प्रतीच्या पोलादाचा पेचकसही काम नीट करतो. टोक मापाचे नसेल, तर जगातला सर्वोत्तम पेचकसही स्क्रू खराबच करणार.

हत्यार हातात घेण्यापूर्वी बंदूक रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, मॅगझिन काढून ठेवावे आणि काडतुसे त्या खोलीतच नसावीत. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार बंदुकांची दुरुस्ती हा परवान्याचा व्यवसाय आहे. म्हणून येथे जे सांगितले आहे ते परवानाधारकाने किंवा नेमबाजाने स्वतःच्या शस्त्राची निगा राखताना हाताळायच्या स्क्रूंपुरतेच आहे, म्हणजे दस्ता, बट प्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकावरची पट्टी), नेम धरायची साइट आणि दुर्बिणीचा माउंट (ती बसवण्याची बैठक) यांच्यापुरते. आतली यंत्रणा उघडायची असेल, तर ते काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये मुख्य स्प्रिंग आधीच दाबलेली असते, आणि हवेच्या टाकीच्या रायफलमध्ये 200 बार किंवा त्याहूनही जास्त दाब असू शकतो. त्यामुळे बाहेरून साधा दिसणारा प्रत्येक स्क्रू निरुपद्रवी असतो असे समजू नये.

बिघाड आधी वाचावा

खराब झालेला स्क्रू फेकण्यापूर्वी तो भिंगाखाली धरावा, कारण काय चुकले ते त्याच्या डोक्यावर उमटलेले असते. खाच आडवी धरून पाहावे. वरचा उजवा आणि खालचा डावा कोपरा उचललेला असेल, तर नुकसान स्क्रू सोडवताना झाले आहे. खालचा उजवा आणि वरचा डावा कोपरा गेला असेल, तर ते आवळताना झाले आहे. हे सरळ, म्हणजे उजवीकडे फिरवून आवळायच्या आट्यांच्या स्क्रूला लागू आहे, आणि बहुतेक स्क्रू तसेच असतात. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण सोडवताना होणाऱ्या नुकसानामागे गंज, वाळलेले तेल किंवा आट्यांत घातलेले चिकट द्रव्य असू शकते, तर आवळताना होणाऱ्या नुकसानामागे जवळजवळ नेहमी गरजेपेक्षा जास्त ताकद असते.

यानंतर नुकसान कोणत्या जागी आहे ते पाहावे. खाचेच्या फक्त वरच्या कडा गोल झाल्या असून तळाकडची भिंत कोरी राहिली असेल, तर टोक पाचरीसारखे निमुळते होते आणि ते तळापर्यंत पोचलेच नव्हते. कडा मध्याजवळ दबल्या असून दोन्ही टोकांना शाबूत असतील, तर पाते खाचेच्या लांबीपेक्षा अरुंद होते. स्क्रूच्या डोक्याभोवतीच्या धातूवर किंवा लाकडावर वर्तुळाकार चरा पडला असेल, तर पाते डोक्याहून रुंद होते. आणि खाचेपासून निघून एका बाजूला लांबवर गेलेला सरळ ओरखडा असेल, तर पेचकस उसळून बाहेर आला आहे. त्याचे कारण बहुतेक वेळा पहिलेच, म्हणजे पाचरीचे असते.

पाचर खाचेतून बाहेर का येते

बाजारातला साधा चपटा पेचकस बाजूने पाहिला, तर त्याचे पाते दांड्याकडून टोकाकडे पातळ होत गेलेले दिसते. असे टोक करणे स्वस्त पडते, आणि एकच पेचकस चार वेगवेगळ्या रुंदीच्या खाचांत थोडाफार अडकतो. सुतारकामाला किंवा विजेच्या बोर्डाला तेवढे पुरते. बंदुकीच्या स्क्रूची खाच मात्र समांतर भिंतींची असते. समांतर भिंतींच्या फटीत निमुळते टोक घातले की ते फक्त वरच्या दोन कडांवर टेकते, आणि तेही कोपऱ्यांपाशी. पिळ दिला की त्या उतारावरचा दाब दोन दिशांना विभागतो. एक भाग स्क्रू फिरवतो आणि दुसरा पेचकसाला वर ढकलतो. हाताने खाली दाबून आपण त्या उचलीला थोपवत असतो, आणि हात जरा ढिला पडला की टोक उसळते.

या ठिकाणी किती बळ लागू होते याचा अंदाज घेतलेला बरा. समजा स्क्रू सोडवायला 3 न्यूटन-मीटर पिळ लागला आणि पात्याचे दाब देणारे दोन कोपरे 5 मिलिमीटर अंतरावर आहेत. मग प्रत्येक कोपऱ्यावर 600 न्यूटन, म्हणजे सुमारे 60 किलो वजनाइतका भार येतो. पाते 3 मिलिमीटर रुंदीचे असेल, तर त्याच पिळासाठी तो भार 1000 न्यूटन होतो, आणि तो येतो टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर. स्क्रूचे धातू दबणारच. पाते खाचेच्या पूर्ण लांबीला भिडले आणि तळापर्यंत उतरले, तर हाच भार संपूर्ण भिंतीवर पसरतो आणि कोठेही खूण राहत नाही.

जुन्या विलायती बंदुकांत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. त्यांचे स्क्रू हाताने घडवलेले असत, खाच अगदी अरुंद ठेवलेली असे, आणि डोक्यावरची नक्षी खाचेच्या अगदी कडेपर्यंत जाई. वेस्टली रिचर्ड्स या इंग्लंडमधल्या बंदूक कंपनीतल्या अॅन्सन आणि डीली यांनी 1875 मध्ये पेटंट घेतलेल्या बॉक्सलॉक यंत्रणेच्या (जिच्यात घोडे आतच असतात) दुनळ्या भारतात भरपूर आल्या, आणि संस्थानी घराण्यांकडे त्या आजही आहेत. उत्तम प्रतीच्या अशा बंदुकांचे स्क्रू पूर्ण आवळल्यावर त्यांच्या खाचा नळीच्या रेषेत उभ्या राहाव्यात असे बसवलेले असतात. त्यामुळे प्रत्येक स्क्रू त्याच्या स्वतःच्या भोकाचाच असतो. दोन सारखे दिसणारे स्क्रू अदलाबदल झाले, तर एक खाच तिरकी थांबते. मग ती सरळ करण्याच्या हट्टाने जास्त पिळ दिला जातो आणि वर सांगितलेले सगळे सुरू होते. कागदावर बंदुकीची बाह्यरेषा काढून त्या-त्या जागी भोक पाडून स्क्रू खोचून ठेवणे ही जुन्या कारागिरांची सवय याच कारणाने आहे. यातले बरेचसे स्क्रू मऊ पोलादाचे असून फक्त पृष्ठभागाला कडकपणा दिलेला असतो. तो पातळ थर एकदा फुटला की आतले मऊ धातू चटकन वाहून जाते, आणि म्हणूनच पहिल्या घसरणीनंतर दुसरी फार लवकर येते.

मोजल्याशिवाय विकत घेऊ नये

पेचकसाच्या दुकानात जाण्यापूर्वी तीन मापे घ्यावीत: खाचेची रुंदी, म्हणजे फट किती जाड आहे ती, खाचेची लांबी, जी बहुतेक ठिकाणी डोक्याच्या व्यासाएवढीच असते, आणि खाचेची खोली. लांबी आणि खोली व्हर्नियरने मिळते. रुंदीसाठी मात्र व्हर्नियरपेक्षा मोटार मेकॅनिक वापरतात ते फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, बरे. त्याच्या पट्ट्या एकेक करून किंवा दोन एकत्र करून खाचेत घालाव्यात, आणि जी जाडी किंचित घासत पण जोर न लावता तळाला टेकते तीच आपली जाडी समजावी. मापापूर्वी खाच सुईने किंवा लाकडी टूथपिकने साफ करावी. तळाशी धूळ आणि वाळलेल्या तेलाचा काळा थर साचलेला असतो, आणि अनेकदा पेचकस खोल न जाण्याचे कारण एवढेच असते.

कारखानी पेचकसांना आंतरराष्ट्रीय मापे आहेत. चपट्या टोकांची जाडी आणि रुंदी 0.5×3, 0.6×3.5, 0.8×4, 1.0×5.5, 1.2×6.5, 1.6×10 अशा जोड्यांत ठरलेली असते, आणि चांगल्या पेचकसाच्या मुठीवर किंवा बिटच्या (मुठीत बसवायच्या सुट्या टोकाच्या) अंगावर ती मिलिमीटरमध्ये छापलेली असते. मात्र प्रमाणित स्क्रूंच्या खाचांनाही मापात थोड्या फरकाची मुभा दिलेली असते. 0.8 नाममात्र रुंदीची खाच प्रत्यक्षात 0.86 ते 1.00 मिलिमीटर असू शकते, आणि 1.2 ची खाच 1.26 पासून 1.51 पर्यंत जाऊ शकते. म्हणजे बरोबर क्रमांकाचे टोक घेऊनही 0.3 मिलिमीटरपर्यंत फट राहू शकते. रोजच्या कामात ती कोणाच्या लक्षात येत नाही, पण ब्लूइंग केलेल्या गोल डोक्यावर ती लगेच दिसते. शंभर वर्षांपूर्वीच्या बंदुकीला तर यांतले कोणतेच माप लागू होत नाही.

म्हणून बंदुकीच्या कामासाठी एकेका पूर्ण पेचकसापेक्षा, मूठ एक आणि बिट अनेक अशी रचना सोयीची ठरते. पाव इंची षट्कोनी, म्हणजे 6.35 मिलिमीटर बुडाचे बिट सगळीकडे मिळतात. अमेरिकेत आयोवा राज्यातली ब्राउनेल्स ही संस्था एकाच रुंदीत वेगवेगळ्या जाडीची, समांतर टोकाची बिट खास बंदुकांसाठी विकते. कनेक्टिकटची चॅपमन आणि व्हीलर यांचे संचही त्या देशातल्या नेमबाजांच्या पेटीत नेहमी दिसतात. तिकडून कोणी नातेवाईक येत असेल, तर मागवण्यासारखी वस्तू हीच आहे. मात्र शंभर बिटांची पेटी घेण्याऐवजी आपल्या बंदुकीच्या खाचा मोजून लागतील ती सात-आठ बिट सुटी घ्यावीत. उरलेली नव्वद पेटीत गंजत राहतात, आणि त्यांच्यात हवे ते बिट पटकन सापडत नाही म्हणून माणूस हाताशी येईल ते वापरतो.

भारतात मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत सुटी बिट आणि चांगले पेचकस मिळतात, आणि नाशिकला बनणारे टपारियाचे पेचकसही पोलादाच्या दृष्टीने या कामाला पुरेसे आहेत. फक्त टोक आपल्या खाचेप्रमाणे घासून घ्यावे लागते. दुकानात टोक तपासताना पाते उजेडासमोर बाजूने धरावे आणि शेवटच्या दोन मिलिमीटरच्या दोन्ही बाजू समांतर आहेत की जवळ येतात ते पाहावे. टोकाची कड सरळ आणि दांड्याशी काटकोनात असावी, कोपरे गोल नसावेत, आणि टोकावर क्रोमचा जाड मुलामा नसावा, कारण मुलाम्याने जाडी वाढते आणि तो सोलला की त्याचे कपचे खाचेत अडकतात. समोरून पाहिले असता टोकाच्या वरचे पाते माशाच्या शेपटीसारखे पसरलेले असेल, तर तो पेचकस खोलगट भोकात बसवलेल्या स्क्रूला चालणार नाही. तो भोकाची भिंत खरवडेल. अशा जागी दांडा आणि टोक एकाच रुंदीचे हवे.

पोलादाविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. क्रोम-व्हॅनेडियम किंवा एस-2 या दोन्ही प्रकारांची बिट चालतात. अतिकडक बिटचा कोपरा कधी तुटतो, आणि काही जण त्यावरून ते निकृष्ट ठरवतात. मला त्यात दोष दिसत नाही. जास्त पिळाखाली काही तरी मोडणारच असेल, तर ते बदलता येणारे बिट असावे, बंदुकीचा स्क्रू नव्हे. एकच हत्यार या कामातून कायमचे बाद करावे, ते म्हणजे विजेचा टेस्टर. घराघरांत तो खिशातला पेचकस म्हणून वापरला जातो, आणि दस्त्याच्या स्क्रूंवरच्या जखमांचा मोठा वाटा त्याचाच असतो. टोक मऊ, निमुळते आणि अरुंद, मूठ करंगळीएवढी: वर मांडलेले जवळजवळ सगळे दोष त्या एकाच वस्तूत जमलेले आहेत.

टोक स्वतः घासून घेताना

थोडे जाड आणि पुरेसे रुंद बिट घेऊन ते खाचेप्रमाणे घासणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि जुने कारागीर हेच करत आले आहेत. बेंच ग्राइंडरच्या चाकाच्या गोलाईवर पात्याची सपाट बाजू टेकवली की तिला आत वळलेला बाक येतो, आणि तो बाक नीट जुळवला की टोकाचा शेवटचा भाग समांतर होतो. चाक जितके लहान तितका बाक खोल येतो. पूर्ण झिजत आलेले चाक किंवा हातातल्या लहान ग्राइंडरचा ड्रम यासाठी उपयोगी पडतो. दोन्ही बाजूंनी सारखेच घासावे, नाही तर टोक दांड्याच्या मध्यरेषेवरून सरकते आणि पेचकस फिरवताना डुलतो.

यात एकच खरी जोखीम आहे, ती उष्णतेची. चाकाला टेकवलेले पातळ टोक डोळ्यांदेखत तापते. त्यावर आधी गवती पिवळा, मग जांभळा आणि मग निळा रंग चढला, की त्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. असे टोक पहिल्याच पिळाला वाकते. चाकाला क्षणभर टेकवायचे आणि लगेच पाण्यात बुडवायचे, हा क्रम न कंटाळता पाळावा. टोक बोटाला सोसवेनासे झाले म्हणजे थांबायचे. सगळे झाल्यावर दोन्ही बाजू बारीक तेलाच्या दगडावर पात्याच्या रुंदीच्या दिशेने, म्हणजे आडव्या, घासाव्यात. चाकाच्या रेघा लांबीच्या दिशेने पडलेल्या असतात आणि त्यांच्यावरून टोक वर सरकू शकते. आडव्या रेघा त्याला अडवतात. फरक सूक्ष्म आहे, पण घट्ट स्क्रूवर हाताला जाणवतो.

टोक तयार झाले की ते खाचेत घालून बंदूक किंचित तिरकी करावी. मूठ सोडल्यावरही पेचकस खाचेत उभा राहिला आणि हाताने हलवल्यावर डगमगला नाही, तर माप जमले. मग त्या बिटवर कोरणीने किंवा रंगाच्या ठिपक्याने खूण करून ते त्या स्क्रूसाठीच राखून ठेवावे.

स्क्रू सुटतच नसेल तर

योग्य टोक असूनही स्क्रू हलत नसेल, तर जोर वाढवण्यापूर्वी तो का हलत नाही हे ठरवावे. कोकणात किंवा घाटाखाली पावसाळ्यात बंदूक कपाटात पडून राहिली असेल, तर आट्यांत गंज असण्याची शक्यता मोठी. गंज सोडवणारे पातळ तेल डोक्याभोवती एक थेंब सोडून रात्रभर थांबावे. घाईने तेलाचा पूर करू नये, कारण ते लाकडात मुरते आणि तेलाने फुगलेले, मऊ पडलेले लाकूड पुन्हा पूर्ववत होत नाही. सकाळी टोक खाचेत नीट बसवून मुठीवर छोट्या हातोडीने दोन-चार हलके ठोके द्यावेत. त्या धक्क्याने गंजाची पकड सुटते. मग आधी किंचित आवळण्याच्या दिशेने पिळ द्यावा आणि मगच उलटा.

दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू अडकले असतील, तर तिथे गंजाऐवजी आटे धरून ठेवणारे द्रव्य असण्याचा संभव जास्त. लॉकटाइटचे निळे 242 हाताच्या हत्याराने सुटते. लाल 271 मात्र 250 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवल्याशिवाय सोडत नाही. अशा वेळी सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूच्या डोक्यावर काही क्षण धरले की उष्णता नेमकी तिथेच पोचते. उघडी ज्योत बंदुकीजवळ आणू नये, आणि लाकूड, प्लास्टिक किंवा स्प्रिंग लगत असेल, तर हा उपायही करू नये. लहान स्क्रूंसाठी मुळातच जांभळे 222 वापरले असते, तर ही वेळ आली नसती. बंदुकीवर लाल द्रव्य वापरण्याचे कारण मला सापडलेले नाही.

सर्वांत हट्टी स्क्रूसाठी ड्रिल प्रेस उत्तम चालते, पण मोटर म्हणून नव्हे. प्लग काढून ठेवावा, चकमध्ये बिट घट्ट पकडावे, बंदूक चामड्याच्या अस्तराच्या व्हाइसमध्ये बिटच्या बरोबर खाली बसवावी, आणि दांड्याने बिट खाचेत दाबून धरून चक हाताने फिरवावा. पेचकस उचलला जाण्याची शक्यताच उरत नाही, आणि तो स्क्रूच्या अक्षापासून तिरकाही होत नाही. साध्या हातकामातही हीच दोन तत्त्वे आहेत. बंदूक मांडीवर न धरता पक्की बसवावी, पेचकस काटकोनात उभा ठेवावा, शरीराचे वजन वरून द्यावे आणि मनगटाने फक्त फिरवावे. टोकावर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टचा कण लावला तर पकड वाढते, पण ती पेस्ट अपघर्षक असल्याने नंतर पूर्णपणे पुसून काढावी. ती यंत्रणेत गेली तर बरा झालेला स्क्रू महागात पडेल.

ली-एनफिल्डचा दस्ता

पेचकस कितीही चांगला असला तरी क्रम चुकला तर काय होते, याचे चांगले उदाहरण म्हणजे जुनी शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड. महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या खांद्यावर दशकानुदशके दिसलेली ती .303 रायफल हीच. तिचा मागचा दस्ता एका लांब बोल्टने धरलेला असतो, आणि बट प्लेटमधल्या झाकणातून लांब दांड्याचा, रुंद पात्याचा पेचकस आत घालून तो फिरवावा लागतो. त्या पोकळीत चामड्याची गादी असते. ती आधी काढली नाही, तर पेचकसाचे टोक खाचेत न बसता चामड्यात रुतते, आणि पिळ दिला की लाकूड चिरते. त्याहून मोठी खोच अशी की या रायफलच्या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असून ते पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड आधी न उतरवता बोल्ट फिरवला, तर तो चौकोन पट्टी फिरवतो आणि पुढच्या लाकडाची मागची बाजू फुटते. बोल्ट फिरत नाही म्हणून अधिक मोठा पेचकस आणणाऱ्याच्या हातून हे नुकसान हटकून होते. संग्रहालयांत किंवा विदेशातल्या संग्राहकांकडे अशा फुटलेल्या रायफली पुष्कळ दिसतात.

आवळताना

सोडवण्याच्या अर्ध्याअधिक अडचणी मागच्या आवळण्यात रुजलेल्या असतात. लाकडी दस्ता हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतो आणि आकसतो. देशावर एप्रिल-मे महिन्यांत लाकूड आकसले की दस्त्याचे स्क्रू ढिले लागतात, म्हणून ते कचकून आवळले जातात. जुलैत तेच लाकूड फुगते आणि स्क्रू जणू भिंतीत चिणल्यासारखा होतो. उन्हाळ्यात स्क्रू ढिला वाटला, तर तो नुसता टेकेपर्यंतच फिरवावा. दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू साधारण 2 न्यूटन-मीटरला पुरेसे घट्ट होतात. नेमके आकडे निर्मात्याच्या पुस्तिकेत असतात आणि त्यासाठी छोटा टॉर्क रेंच घेणे रास्त आहे. बसवण्यापूर्वी आटे स्वच्छ करून त्यांवर तेलाचे बोट फिरवले, तर पुढच्या वर्षी गंजाची तक्रार येत नाही. मात्र चिकट द्रव्य लावायचे असेल, तर आटे तेलरहित हवेत.

खाच आधीच बिघडली असेल, तर

कड उचलली आहे पण धातू तुटून गेलेले नाही, अशा खाचेवर लगेच कानस चालवू नये. कानस उचललेले धातू कापून टाकते, आणि मग खाच कायमची रुंद होते. त्याऐवजी स्क्रू चामड्यात किंवा तांब्याच्या पत्र्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरावा आणि गुळगुळीत तोंडाच्या लहान हातोडीने ते उचललेले धातू हलक्या ठोक्यांनी पुन्हा खाचेकडे बसवावे. वर आलेले बहुतेक धातू जागेवर परत जाते. त्यानंतरच अरुंद खाचेसाठी मिळणाऱ्या पातळ कानसेने आतली भिंत सरळ करावी, डोके बारीक एमरी कागदावर पुसावे आणि कोल्ड ब्लूचा, म्हणजे न तापवता लावायच्या ब्लूइंगच्या द्रावाचा, हात द्यावा. ज्या स्क्रूचा वरचा कडक थर गेला आहे तो यानंतरही मऊच राहणार. तो पुन्हा वापरायचा असेल, तर जिथे क्वचित हात लागतो अशा जागीच. नक्षीदार डोक्याचा स्क्रू असेल, तर घरी काहीच करू नये. त्याची किंमत बंदुकीच्या किमतीत मोजली जाते.

फुली, षट्कोन आणि तारा

नव्या एअर रायफलींवर चपट्या खाचेऐवजी फुलीचे, षट्कोनी किंवा ताऱ्याच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू आढळतात, आणि तिथे समस्या वेगळी असते. फुलीच्या खाचेतून टोक मुळातच वर सरकते. त्यात जपानी, युरोपीय आणि अमेरिकी फुली दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची घडण थोडी वेगळी असते, त्यामुळे एकीचे टोक दुसरीत अर्धवट बसते. पीएच-2 या मापाच्या फुलीत त्याहून लहान पीएच-1 चे टोक वापरणे हे या स्क्रूंच्या नाशाचे नेहमीचे कारण आहे. दोन्ही घालून पाहावीत आणि जे जास्त खोल, कमी डुलणारे वाटेल तेच घ्यावे. षट्कोनी स्क्रूंत गोळ्याच्या टोकाची किल्ली फक्त जलद फिरवण्यासाठी वापरावी. शेवटचा पिळ सरळ टोकानेच द्यावा, कारण गोळा फक्त सहा बिंदूंवर टेकतो. इंची मापाच्या स्क्रूला जवळपासची मेट्रिक किल्ली लावण्याचा मोहही टाळावा: 2.5 मिलिमीटर आणि 3/32 इंच यांत फरक 0.12 मिलिमीटरचा आहे, आणि तेवढ्यात षट्कोनाचे कोपरे गोल होतात. दुर्बिणीच्या कड्यांवर बहुधा टी-15 या मापाचा टॉर्क्स स्क्रू असतो. त्याचे बिट झिजले की ताऱ्याच्या पाकळ्यांच्या कडा उजेडात चमकू लागतात, आणि तसे दिसले की ते बिट बंदुकीच्या पेटीतून काढून घरच्या कामांच्या डब्यात टाकावे.